रॉकेट लीग नव्याने खेळणाऱ्यांसाठी: आधी बॉल सोडायला शिका

तिन्हीसांज

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा साताऱ्याहून पुण्याला आला तो कंट्रोलर दप्तरात घालूनच. शाळेतल्या मित्रांनी त्याला रॉकेट लीगचं वेड लावलं होतं. मी हा खेळ २०२० पासून खेळते, त्यामुळे आठ दिवस रोज संध्याकाळी आम्ही दोघं एका बाजूने खेळलो. जाताना म्हणाला, "मावशी, हे सगळं लिहून दे ना, मी विसरेन." त्याच्यासाठी वहीत जे लिहिलं तेच जरा नीट करून इथे टाकते आहे. आपल्याकडे खेळणारे बरेच आहेत, पण मराठीत याबद्दल सलग लिहिलेलं मला कुठे दिसलं नाही.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गाड्यांनी खेळायचा फुटबॉल. मैदानाला चारही बाजूंनी भिंती आणि वर छत, त्यामुळे बॉल बाहेर जातच नाही. गाडी उडी मारते, हवेत कोलांटी घेते, भिंतीवर चढते आणि मागचं रॉकेट पेटवलं की उडतेही. सामना पाच मिनिटांचा; एकास एक, दोघे-दोघे किंवा तिघे-तिघे. बरोबरी झाली तर जादा वेळेत पहिला गोल करणारा जिंकतो. आणि घड्याळ शून्यावर आलं तरी बॉल जमिनीला टेकेपर्यंत खेळ संपत नाही. सप्टेंबर २०२० पासून खेळ फुकट आहे, आणि कॉम्प्युटरवाला व प्लेस्टेशनवाला एकत्र खेळू शकतात. माझा भाऊ जर्मनीत त्याच्या कन्सोलवर असतो आणि मी इथे लॅपटॉपवर, तरी आमचा रविवार चुकत नाही.

आता मुद्द्यावर येते. तिसऱ्या दिवशीचा प्रसंग. आम्ही २-१ ने पुढे होतो, वीसेक सेकंद उरली होती. बॉल उजव्या भिंतीवर आपटून आमच्या गोलसमोर टप्पे खात आला. मी गोलातून निघाले, भाचा डाव्या कोपऱ्यातून निघाला, दोघांनीही बूस्ट, म्हणजे मागच्या रॉकेटचं बटण, दाबून ठेवलेला. माझं बॉनेट त्याच्या दारावर आदळलं. दोन्ही गाड्या कलंडल्या आणि बॉल आमच्या मधून संथपणे खाली आला. समोरचा गडी काही फार वेगात नव्हता, त्याने नुसता धक्का दिला आणि बॉल आत. पुढे जादा वेळेत हरलो. भाच्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि विचारलं, "तू घेणार होतीस की मी?"

तो प्रश्न मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिला. नवा माणूस हरतो तो नेमबाजी कच्ची असते म्हणून कमी, आणि सगळेच बॉलच्या मागे धावतात म्हणून जास्त. तिघे एकाच बॉलवर तुटून पडले की गोल उघडा पडतो, तिघांचाही बूस्ट संपतो आणि तिघंही एकाच वेळी उलटे होऊन पडतात.

शाळेत मी खो-खो खेळायचे. भाच्यालाही त्याच भाषेत समजावलं आणि ते त्याला लगेच कळलं. खो-खोत पाठलाग करणारा एकच असतो. त्याने खो दिला की बसलेला उठतो, आणि खो देणारा त्याची जागा घेतो. शिवाय एकदा दिशा पकडली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. रॉकेट लीगमध्येही अगदी हेच करायचं. बॉलवर एक जण जाईल. त्याने मारला, चुकला किंवा बॉल हातचा गेला की तो तिथे रेंगाळणार नाही, बाजूने वळसा घालून मागे येईल आणि पाठचा भिडू पुढे सरकेल. खेळाडू याला रोटेशन म्हणतात. वळसा घालताना बॉल ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूने यायचं, म्हणजे आपल्या गोलाच्या लांबच्या खांबाकडे. असं आलं की सगळं मैदान समोर दिसतं आणि पुढे निघालेल्या भिडूच्या वाटेत आपण येत नाही. जवळच्या खांबाकडून घुसलं की बॉल आपल्या पाठीवरून जातो आणि आपल्याच गाडीला लागून आत शिरतो. माझ्या हातून असे पुष्कळ गोल झाले आहेत, म्हणून हे पोटतिडकीने सांगते.

अर्ध्यातून मागे वळायचा मोह फार होतो. बॉल दोन गाड्यांच्या अंतरावर दिसतो, वाटतं आत्ता घेतला तर गोलच आहे. पण तेवढ्यात मागचा भिडू आपल्या भरवशावर निघालेला असतो.

बूस्टबद्दल. सामना सुरू होताना आणि प्रत्येक गोलनंतर सगळ्यांकडे ३३ बूस्ट असतो, टाकी १०० ची. भरलेली टाकी सलग दाबली तर तीन सेकंदांत रिकामी होते. मैदानावर बूस्ट भरायच्या खुणा असतात, त्यांना पॅड म्हणतात; वरून गाडी गेली की बूस्ट मिळतो. मोठे पॅड सहा: चार कोपऱ्यांत चार आणि मध्यरेषेच्या दोन टोकांना दोन. ते टाकी पूर्ण भरतात, पण एकदा उचलले की दहा सेकंदांनी परत येतात. छोटे पॅड २८ आहेत, प्रत्येकी १२ बूस्ट देतात आणि चार सेकंदांत परत येतात. नवा खेळाडू मोठ्या पॅडसाठी कोपऱ्यात पळतो आणि तेवढ्यात गोल खातो. त्याऐवजी मागे येतानाची वाट अशी निवडायची की चाकाखाली तीन-चार छोटे पॅड आपोआप येतील. तीन पॅड म्हणजे ३६ बूस्ट, आणि वाकडं जावं लागत नाही. भाच्याला मी एका संध्याकाळी मोठ्या पॅडला हातच लावायचा नाही अशी अट घातली होती. पहिले दोन सामने तो रडवेला झाला, तिसऱ्यात त्याला मैदानावरचे ठिपके दिसायला लागले.

बूस्ट नसताना वेग हवा असेल तर पुढे फ्लिप मारायचा: उडी, मग स्टिक पुढे करून पुन्हा उडी. गाडी कोलांटी घेते आणि वेग वाढतो. सगळ्यात वरचा वेग गाठला की मागे पांढरी रेघ दिसते. त्या वेगात समोरच्या गाडीला धडक बसली तर ती फुटते आणि तीन सेकंदांनी परत येते. तसं फोडणं नियमात बसतं. कोणी तुम्हाला फोडलं तर राग धरू नका.

बॉल मारताना गाडीचं नाक बॉलच्या ज्या भागाला लागतं त्याच्या उलट दिशेला बॉल जातो. ऐकायला साधं आहे, पण पहिले कित्येक तास आपण बॉल दिसला की गाडी त्यावर घालतो. बॉल कुठे पाठवायचा आहे ते आधी ठरवायचं, मग त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला जाऊन उभं राहायचं, आणि लागायच्या क्षणी फ्लिप मारायचा. फ्लिप शिवाय लागलेला बॉल मऊ जातो, तोही कधी कधी हवा असतो. बॉल हवेत असला की त्याच्या खाली जमिनीवर एक गोल खूण दिसते. बॉलकडे बघत बसण्यापेक्षा ती खूण बघा, तो कुठे पडणार ते त्यावरून आधी कळतं.

उडणं नंतर. आधी जमिनीवर गाडी चालवणं आणि पडल्यावर चाकांवर उतरणं. उतरताना पॉवरस्लाइडचं (चाकं घसरवायचं) बटण दाबून ठेवलं की गाडी वाकडी टेकली तरी वेग मरत नाही. एवढी एक सवय लागली तरी तुमच्यात आणि समोरच्यात फरक पडलेला दिसेल.

सध्या एवढंच. विचारा, जमेल तसं सांगत जाईन.

———

अनवाणी

ताई, खो-खोचं उदाहरण फार आवडलं. मी कालपासूनच सुरुवात केली आहे. ऑफिसातला मित्र खेळतो, त्याने ओढलं. दोन शंका. एक, माझ्याकडे कंट्रोलर नाही, कीबोर्ड-माउसवर जमेल का? दोन, लॅपटॉप सात वर्षं जुना आहे, गाडी अडखळत जाते.

———

तिन्हीसांज

जमेल, नक्की जमेल. कीबोर्डवर खेळणारे व्यावसायिक पातळीवरही पोचले आहेत. फरक इतकाच की कीवर दाब एकतर पूर्ण असतो नाहीतर शून्य. कंट्रोलरच्या स्टिकवर थोडंसं वळणं सोपं जातं. मुळात दिलेली बटणं अशी आहेत: डाव्या क्लिकवर बूस्ट, उजव्या क्लिकवर उडी, शिफ्टवर पॉवरस्लाइड, स्पेसवर बॉल कॅमेरा (नजर सतत बॉलवर ठेवणारा). एकदा ठरवलं की सारखं बदलू नका, बोटांना सवय व्हायला आठवडे लागतात.

लॅपटॉपसाठी: व्हिडिओ सेटिंगमध्ये सावल्या, ब्लूम, प्रकाशाचे झोत, हवामानाचे परिणाम सगळं बंद करा. व्ही-सिंक बंद. रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. खेळ मुळात २०१५ चा आहे, त्यामुळे बेताच्या मशीनवरही बऱ्यापैकी चालतो. एक गोष्ट मात्र चालू ठेवा, पारदर्शक गोलखांब. गोलात उभं असताना खांबाआडून येणारा बॉल दिसत राहतो.

आणि ती अडखळ नेटमुळे नाही ना, तेही बघा. प्रदेश निवडताना सगळ्यांवर टिकमार्क करू नका, जिथे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी दिसतं तेवढेच ठेवा. भावाबरोबर युरोपच्या सर्व्हरवर खेळताना माझं पिंग दीडशेच्या आसपास जातं, तेव्हा बॉलला आपण लागलो असं वाटतं आणि लागलेलोच नसतो.

———

गारगोटी

लेख लई आवडला. मी चॅम्पियन रँकला (वरून तिसरी) आहे, तिथवर पोचायला बरीच वर्षं गेली, म्हणून दोन गोष्टी जोडतो आणि एका ठिकाणी मत वेगळं मांडतो.

पहिली जोड कॅमेऱ्याची. खेळ सुरू करताच जे कॅमेरा सेटिंग मिळतं त्यात निम्मं मैदान दिसतच नाही. फील्ड ऑफ व्ह्यू ९० असतो तो ११० करा. अंतर २७०, उंची १०० ते ११०, कोन उणे ३ किंवा उणे ४, स्टिफनेस ०.५ च्या आसपास. आणि कॅमेरा शेक बंद, हे आधी. गोल झाला, धडक बसली की पडदा हादरतो, त्या हादऱ्यात पुढचा एक सेकंद वाया जातो. व्यावसायिक खेळाडूही थोड्याफार फरकाने याच आकड्यांवर असतात.

दुसरी, बॉल कॅमेऱ्याचं बटण. प्लेस्टेशनवर त्रिकोण, एक्सबॉक्सवर वाय. नवे लोक तो कायम चालू ठेवतात. बॉल दिसतो पण आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, मग भिंतीला जाऊन थडकतात. मागे वळताना, पॅड उचलताना अर्धा सेकंद बंद करायचा, समोर कोण आहे बघायचं, परत चालू. बॉल छतावर घेऊन चालत असाल, म्हणजे गाडीच्या टपावर तोलत, तेव्हा बंदच बरा.

आता वेगळं मत. उडणं नंतर, हे मला पटत नाही. सिल्व्हर-गोल्डपर्यंत जमिनीवरच खेळलेले कितीतरी भिडू मी बघितलेत. पुढे प्लॅटिनमला गेले की समोरचे वरून बॉल काढून नेतात आणि हे खाली थांबून बघत राहतात. तोवर सवयी घट्ट झालेल्या असतात. रोज दहा मिनिटं का होईना, पहिल्या आठवड्यापासून हवेत जायला पाहिजे. बॉलला लागला नाही तरी चालेल. हवेत गाडी कशी वळते ते अंगात मुरायला वेळ लागतो, म्हणून लवकर सुरू करायचं.

———

तिन्हीसांज

गारगोटी, कॅमेऱ्याचं मी लिहायलाच विसरले होते, बरं झालं तुम्ही सविस्तर दिलंत.

उडण्याबद्दल तुमचं म्हणणं सरावापुरतं मान्य. फ्री प्लेमध्ये, म्हणजे एकट्याने सराव करायच्या मैदानात, रोज दहा मिनिटं, अगदी पहिल्या दिवसापासून, हो. पण सामन्यात नको. सुरुवातीला हवेत झेपावलेला माणूस दहातल्या नऊ वेळा चुकतो, बूस्ट संपवून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पडतो, आणि तेवढा वेळ त्याचा भिडू एकटा दोघांशी झुंजतो. दोघांच्या संघात हे फार महागात पडतं. सराव सरावाच्या जागी करावा, सामन्यात भिडूचा वेळ त्यासाठी खर्च करू नये, असं मला मनापासून वाटतं.

———

गारगोटी

सामन्यात नको हे मान्य. मग सरावाची पद्धत सांगून ठेवतो.

उडी मारा, बटण जरा दाबून धरा, त्याच वेळी स्टिक मागे ओढून नाक वर करा आणि बूस्ट सुरू. मग स्टिक सोडून दुसरी उडी. स्टिक सोडायला विसरलात तर दुसऱ्या उडीऐवजी मागे कोलांटी होते, सगळे नवे इथेच अडकतात. पहिल्या उडीनंतर दुसरी साधारण सव्वा सेकंदाच्या आत घ्यावी लागते, नाहीतर ती जाते. उलट भिंतीवरून किंवा छतावरून उडी न मारता नुसतं सुटलात, तर ती उडी शिल्लक राहते, कधीही वापरता येते. मोठे खेळाडू छतावरून पडताना शेवटच्या क्षणी फटका मारतात ते यामुळेच.

बूस्ट सलग दाबू नका, टिचक्या मारल्यासारखा दाबा. फ्री प्लेमध्ये बूस्ट संपत नाही, त्यामुळे तिथे सलग दाबायची सवय लागते आणि सामन्यात अर्ध्या वाटेत टाकी संपते.

———

सोनचाफा

मी खेळत नाही, माझा मुलगा खेळतो, अकरा वर्षांचा आहे. धागा वाचून तो काय बोलतो ते पहिल्यांदा कळलं, त्याबद्दल आभार. मला काळजी दोन गोष्टींची आहे. अनोळखी माणसं त्याच्याशी काय बोलतात, आणि गाडी सुधारायला पैसे हवेत म्हणून तो मागे लागतो. पैसे न भरता तो मागे पडेल का?

———

तिन्हीसांज

सोनचाफा, पैशांचं आधी सांगते: अजिबात मागे पडणार नाही. दुकानात जे मिळतं ते सगळं दिसण्यापुरतं असतं. चाकं, रंग, टोप्या, गोल झाल्यावर होणारे स्फोट. त्याने गाडीचा वेग वाढत नाही की बूस्ट जास्त मिळत नाही. सगळ्या गाड्यांचा कमाल वेग एकच आहे. फरक असतो तो गाडीच्या अदृश्य चौकटीत, जी बॉलला लागते. तशा चौकटींचे मोजकेच प्रकार आहेत. ऑक्टेन ही गाडी सुरुवातीपासून फुकट मिळते आणि वर्षानुवर्षं सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी ती एक आहे. फेनेक नावाची गाडी मुलांना फार हवी असते, पण तिची चौकट ऑक्टेनचीच आहे. हे त्याला सांगून बघा, खेळणाऱ्या मुलांना असला तपशील पटतो.

अजून एक. खेळाडूंनी आपापसात वस्तूंची अदलाबदल करण्याची सोय डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली आहे. त्यामुळे "मी तुला अमुक चाकं देतो, तुझा पासवर्ड दे" असं कोणी म्हणालं तर ती फसवणूकच समजायची. हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

बोलण्याचं म्हणाल तर सेटिंगमध्ये चॅट पूर्ण बंद करता येतं, किंवा फक्त आपल्या संघापुरतं ठेवता येतं. आवाजाचं चॅट वेगळं बंद करता येतं. एपिकच्या (खेळाच्या मालक कंपनीच्या) खात्याला पालकांचा पिन लावता येतो, खरेदीवरही. तयार वाक्यं असतात, "नाइस शॉट", "डिफेंडिंग", "नीड बूस्ट" वगैरे. ती बिनधोक आहेत, फक्त गोल खाल्ल्यावर समोरचे मुद्दाम "व्हॉट अ सेव्ह" म्हणून डिवचतात. भाच्याच्या डोळ्यांत त्याने पाणी आलं होतं. मी चॅट बंद केलं आणि पुढचे सगळे दिवस तो मजेत खेळला.

———

चक्री

थोडा इतिहास, कारण मला या खेळाबद्दल फार जिव्हाळा आहे. सॅन दिएगोच्या सायोनिक्स कंपनीने २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी असाच एक खेळ काढला होता, नाव 'सुपरसॉनिक अ‍ॅक्रोबॅटिक रॉकेट-पॉवर्ड बॅटल-कार्स'. एवढं लांब नाव, आणि खेळणारे मोजके. त्यांनी कल्पना सोडली नाही. त्याच पायावर ७ जुलै २०१५ ला रॉकेट लीग आला, आणि त्या महिन्यात प्लेस्टेशन प्लसच्या सभासदांना फुकट मिळाल्यामुळे एकदम घराघरांत पोचला. २०१९ मध्ये एपिक गेम्सने कंपनी विकत घेतली.

नव्यांनी २०१८ च्या लंडनमधल्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना जरूर बघावा. एनआरजी विरुद्ध डिग्निटास. घड्याळावर शून्य, एनआरजी एका गोलने मागे, बॉल जमिनीला टेकला की सगळं संपलं अशी स्थिती. जस्टिन म्हणजे जेएसटीएन नावाच्या पोराने त्या शून्यावर गोल करून बरोबरी साधली. शेवटी विजेतेपद डिग्निटासनेच नेलं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो गोल. ताईंनी वर लिहिलेला नियम, घड्याळ शून्यावर आलं तरी बॉल टेकेपर्यंत खेळ संपत नाही, तो त्यात डोळ्यांनी दिसतो. मी तो गोल अजूनही महिन्यातून एकदा बघतो.

———

पाणपोई

सुरुवातीच्या बॉलवर, म्हणजे किकऑफला, कोणी जायचं? माझा आणि भिडूचा रोज घोळ होतो. दोघं जातो किंवा कोणीच जात नाही.

———

गारगोटी

जो बॉलच्या जवळ तो जाणार. दोघं सारख्याच अंतरावर असाल तर डावीकडचा जाणार, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. "आय गॉट इट" हे तयार वाक्य एकदा दाबून टाका, शंका उरत नाही.

जाणाऱ्याने ३३ बूस्ट हातचा न राखता वापरायचा, आणि बॉलला लागायच्या अगदी आधी फ्लिप, नाक मधोमध. इथे गोल करायला जायचं नाही, बॉल सरळ समोरच्याच्या हाती जाऊ नये एवढंच बघायचं. दुसऱ्याने कोपऱ्यातला मोठा पॅड घ्यावा किंवा पहिल्याच्या मागे थोडं अंतर ठेवून सरकावं, बॉल सुटून आला तर लगेच मारता येतो. तिघे असाल तर तिसरा मागेच.

———

मावळतीचा

बचावाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नवा माणूस गोलात गाडी उभी करून ठेवतो, तोंड मैदानाकडे, वेग शून्य. बॉल आला की निघेपर्यंत उशीर होतो. थांबलेली गाडी हलायला वेळ घेते. गोलात थांबायचंच असेल तर लांबच्या खांबापाशी, गाडी किंचित सरकती ठेवून.

त्याहून चांगली पद्धत म्हणजे समोरचा बॉल घेऊन येतोय तेव्हा त्याच्यावर धावून जायचं नाही. बॉल आणि आपला गोल यांच्या मध्ये राहून, त्याच्याच दिशेने, त्याच्याच वेगाने मागे सरकत राहायचं. सावलीसारखं. नव्या पातळीवर दहा-वीस गाड्यांच्या अंतरात त्याचा बॉल आपोआप निसटतो. तो निसटला की मग वळून घ्यायचा. मी अंगावर धावून जात होतो तोवर समोरचा माझ्या डोक्यावरून बॉल उचलून सहज निघून जायचा. हे बदललं आणि एका महिन्यात मी सिल्व्हरमधून गोल्डला गेलो.

आणि बॉल आपल्या गोलसमोरून मारताना मध्ये मारू नका, कोपऱ्याकडे, भिंतीकडे मारा. मध्ये मारलेला बॉल समोरच्याला आयता मिळतो.

———

तिन्हीसांज

मावळतीचा, हे फार मोलाचं लिहिलंत. वहीत उतरवून भाच्याला फोटो पाठवला.

रँकबद्दल दोघांनी मेसेज करून विचारलं म्हणून सांगते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, चॅम्पियन, ग्रँड चॅम्पियन आणि सर्वात वर सुपरसॉनिक लेजंड. एकास एक, दोघे-दोघे, तिघे-तिघे, प्रत्येकाची रँक वेगळी. पहिले दहा सामने खेळलात की रँक ठरते. रँकवाला सामना अर्ध्यावर सोडू नका, काही काळ बंदी येते आणि भिडू एकटा पडतो. अर्ध्या तासात उठावं लागणार असेल तर साधे सामने खेळा.

सुरुवात कशावर करावी तर मी दोघे-दोघे म्हणेन. तिघांत गर्दी होते, आणि एकट्याने खेळलं की प्रत्येक चूक थेट गोल बनते.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांच्यासाठी रॉकेट लीग साइडस्वाइप आहे. मैदान बाजूने दिसतं, सामना दोन मिनिटांचा. बूस्ट आणि फ्लिपचा अंदाज यायला चांगला आहे, पण वळसा घालून मागे येणं त्यात शिकता येत नाही.

———

अनवाणी

तीन आठवड्यांनी परत आलोय. आधी आभार. कंट्रोलर घेतला शेवटी, सेकंड हँड. कॅमेरा गारगोटींच्या आकड्यांवर ठेवला, पहिला तास चक्कर आल्यासारखं झालं, आता जुनं सेटिंग बघवत नाही.

काल रात्रीचं सांगायचंय. १-१, जादा वेळ. मित्र डाव्या कोपऱ्यात बॉलवर होता. बॉल त्याच्याकडून सुटून माझ्यासमोर आडवा आला, फार तर तीन गाड्यांवर. टाकीत ४० होते. मी निघालोच होतो, पण मित्र वळून त्याच बॉलवर येताना दिसला. मी सोडला. उजवीकडून वळलो, लांबच्या खांबाकडे, वाटेत दोन छोटे पॅड चाकाखाली आले. हेडफोनवर मित्र ओरडला, "सोडलास?" त्याने बॉलला स्पर्श केला, समोरच्याने जोरात परत मारला, आणि तो बॉल भिंतीला लागून बरोबर माझ्यासमोर, मध्यभागी. सगळे पुढे निघून गेलेले. त्यांच्या गोलात कोणी नाही. मी घाईघाईने मारला नाही, खाली ती गोल खूण बघितली, तिच्या मागे गेलो आणि फ्लिप मारला. बॉल उजव्या खांबाला चाटून आत गेला. मित्र दहा सेकंद काही बोललाच नाही.

आता पुढची शंका. पुढे गेलेला असताना बॉल मागे गेला की मी भलामोठा गोल वळसा घेतो, त्यात वेळ जातो. मित्र झटकन गाडी उलटी फिरवतो. ते कसं करतात?

———

तिन्हीसांज

वाचून इतका आनंद झाला की भाच्याला लगेच फोन करून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्यांना सांग, दोन पॅड उचलले ते भारी केलं."

मित्र करतो त्याला हाफ फ्लिप म्हणतात. रिव्हर्समध्ये गाडी घ्या. स्टिक मागे ओढून दोन उड्या, म्हणजे मागे कोलांटी सुरू होईल. सुरू झाली रे झाली की स्टिक पूर्ण पुढे ढकला आणि तशीच धरून ठेवा, कोलांटी अर्ध्यातच थांबते. आता गाडीचं तोंड हव्या त्या दिशेला आहे पण चाकं वर आहेत. एअर रोलचं (हवेत गाडी कुशीवर फिरवायचं) बटण दाबून स्टिक बाजूला करा, गाडी अर्धी फिरून चाकांवर येते. उतरताना पॉवरस्लाइड. मला जमायला दोन आठवडे लागले. फ्री प्लेमध्ये बॉलकडे न बघता, नुसतं मध्यरेषेवर उभं राहून एका दमात वीस वेळा करा, मग पाणी प्या, परत वीस वेळा.

शनिवारी रात्री साडेनऊला मी आणि भाचा असू, तिसरा हवाच आहे. गारगोटी, तुम्हाला वेळ असेल तर अनवाणींच्या मित्रालाही घेऊन समोरच्या बाजूने या.

———

गारगोटी

येतो. तुमच्या भाच्याला सांगा, मोठा पॅड मीच घेणार.